धोधाकाठचं बोलणं

मयुरीची सोयरीक दुसऱ्यांदा मोडली त्या दिवशी मी घरातल्या देवीसमोर उभी राहिले आणि सांगितलं, ज्यानं हे केलं त्याचं फक्त नाव मला कळू दे. पुढचं मी बघते. देवीला जास्त त्रास द्यायचा नव्हता.

मयुरी माझी एकुलती एक. चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, सुरतेत कतारगामला एका हिऱ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. दिसायला माझ्यावर गेली नाही, हे तिचं नशीब. पहिलं स्थळ उधन्याचं होतं. मुलगा बघून गेला, पसंती आली, सुपारी फोडायचा दिवस ठरला आणि आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, आमचं जमणार नाही. दुसरं स्थळ नंदुरबारचं. तिथंही तेच. पण त्या मुलाच्या आत्याला राहवलं नाही. ती बोलून गेली, ‘पोरीला फीट येते हे तुम्ही आमच्यापासून लपवलंत. कोणीतरी फोन करून सांगितलं म्हणून आम्ही वाचलो.’ फोन पुरुषाचा होता. नाव त्यानं सांगितलं नव्हतं.

माझ्या पोरीला फीट! सर्दी-पडशाखेरीज तिनं कधी दवाखान्याची पायरी चढली नाही. दुसरा फोन आला त्या दिवशी ती ऑफिसातून आली, चपला काढल्या, माझं तोंड बघितलं आणि न विचारताच आत जाऊन निजली. चार दिवस ती जेवली नाही. त्या चार दिवसांत माझ्या मनात जे आलं ते मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगते, बिब्बा घालणारा समोर सापडला असता तर मी त्याला सोलून काढला असता.

नवागामची आमची गल्ली म्हणजे अर्धा खानदेश. कोणी शिरपूरचा, कोणी दोंडाईच्याचा, कोणी अमळनेरचा. कोणाकडे पाहुणे आले हे पाहुण्यांनी चपला काढायच्या आत शेवटच्या घराला कळतं. माझा पहिला संशय समोरच्या सुवर्णावर गेला. ती घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. तिचं माहेर नंदुरबारचं, आणि मला तेवढा पुरावा पुरला. फोन पुरुषाचा होता? मग, तिला नवरा होता की. मी तिला साड्या आणून देणाऱ्या माणसाच्या कानावर घातलं, की ही खडे मागं ठेवते. त्यानं काम बंद केलं. तीन महिन्यांत सुवर्णानं खोली सोडली. सामान टेम्पोत चढवताना ती माझ्याकडे बघत होती आणि मी दारात तांदूळ निवडत बसले होते. मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आता आमच्याविषयी. माझे मालक, लोटू पाटील, बावीस वर्षं लूमवर कारीगर आहेत. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. त्याच खात्यात मी पंधरा वर्षं बॉबीन भरल्या. एका छपराखाली साठ-सत्तर साचे, म्हणजे लूमच, धडधडत असतात. तिथं कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे, जरा सावकाश, जरा मोठे करून. समोरचा वाचतो. नवीन माणसाला वर्ष-दोन वर्षं लागतात, मग चौथ्या लाइनीतल्या माणसानं बिडी मागितलेलीही कळते. या साच्यांनी माझे कान मात्र खाल्ले. उजवा गेलाच, डावा जेमतेम आहे. कोणी समोर तोंड करून बोललं तर मला सगळं कळतं, आणि तेवढ्यावर माझं चालतं.

आमच्याच खात्यात हेमराज. माझ्या मालकांच्या शेजारचे साचे त्याचे. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून अठरा वर्षं मी त्याला राखी बांधते. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त त्यानं दिलं. त्याची बायको चंचल, तीही खात्यात काम केलेली, मुलगा कुंदन, आणि त्याची बहीण सुषमा. सुषमाचं लग्न झालं नाही. एकदा ठरलं होतं, ते मोडलं, मग वय वाढत गेलं. ती सहा वर्षं माझ्या शेजारी बसून बॉबीन भरायची. तिची पाळी माझ्या आधी सुटायची, म्हणून मी कामावर असताना मयुरीला शाळेतून आणणं, तिच्या वेण्या घालणं, हे तीच करायची. मयुरी तिला सुषमाआत्या म्हणते.

तिसरं स्थळ आलं तेव्हा मी शहाणी झाले होते. मुलगा आशिष, कामरेजला एका कारखान्यात सुपरवायझर. वडील नाहीत, आई आहे, आणि सगळा कारभार मामांच्या हातात. मामा म्हणजे बाबुराव, आश्रमशाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आहव्याच्या पुढं डोंगरात राहतात. मी निरोप पाठवला, आमच्या गल्लीत येऊ नका, आम्हीच तुमच्याकडे येतो. मामा म्हणाले, ‘आमच्याकडे करंजीचा धोध आहे, मोठा धबधबा. वनभोजनाला म्हणून या. पोराला पोर दिसेल, कोणाला कळायचं नाही.’

झकास. पोळ्याच्या आधीचा रविवार ठरला. गल्लीत सांगितलं, डांगात फिरायला चाललो. पण सोयरिकीला आपल्या बाजूचा एखादा जाणता माणूस लागतोच, त्याशिवाय बोलणी होत नाहीत. मालक म्हणाले, हेमराजला घेऊ. मी म्हटलं, त्याच्याशिवाय कोण? मीच जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘ताई, ही सोयरीक मी जमाडीच देस, तू देखच.’

भाड्याची जीप केली. बारडोली, व्यारा, सोनगड, मग घाट. आहव्याच्या पुढं डांबर संपलं, पुढं मातीही संपली. तिथून तासभर पायी. सागाचं रान, गुडघ्याएवढं गवत, एक ओढा तीनदा ओलांडावा लागला. वरण-बट्टीचं सामान आम्ही बायकांनी वाटून घेतलं होतं. कणीक माझ्या डोक्यावर, गोवऱ्यांचं पोतं सुषमाच्या. मयुरीनं निळा ड्रेस घातला होता आणि ती कोणाशी बोलत नव्हती. मध्येच तिनं माझा हात धरला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, ‘आई, या वेळेस मोडलं ना, तर पुन्हा कोणाला बोलावू नको. मी नाही बसणार परत पाटावर.’

धोध दिसायच्या आधी मला पायात जाणवला. खाली जमीन थरथरत होती. मग झाडं संपली आणि समोर उंच काळ्या कड्यावरून पाणी कोसळताना दिसलं. खाली मोठं कुंड, कडेनं सपाट दगड. सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले, कारण कोणालाच कोणाचं ऐकू येईना. आशिष मयुरीला काहीतरी म्हणाला, तिनं कानावर हात ठेवला, तो ओरडला, तिनं मान हलवली. मग तो दोन्ही हातांनी माशासारख्या खुणा करायला लागला आणि माझी पोर खळखळून हसली. पाच महिन्यांत मी तिचे दात बघितले नव्हते. मी मनात म्हटलं, हाच जावई. आता जगबुडी झाली तरी हाच.

मालक, आशिष, त्याची आई आणि मयुरी वरची वाट धरून कड्यावरून पाणी बघायला गेले. खाली आम्ही उरलो. बाबुरावमामा एका दगडावर तंबाखू मळत बसले. सुषमा डाव्या हाताला तीन दगड मांडून गोवऱ्या पेटवत होती. मी कुंडाच्या काठाशी वांगी धुवायला बसले. समोरच्या काठावर हेमराज आणि चंचल. मध्ये पंधरा-वीस हात पाणी.

त्या आवाजानं चूक करवली. आयुष्यभर साच्यांच्या धडधडाटात बोललेला माणूस. इतका आवाज कानावर पडला की त्याचे ओठ आपसूक खात्यातले होतात. हेमराजला वाटलं असेल, धोधाकाठी कोण ऐकतंय. मी वांग्यावरून नजर वर केली आणि तो चंचलला म्हणत होता, ‘जेवाना पहिले मामाले बाजूले लई जास. या खेपले फोन करानी गरजच नही.’

वांगं माझ्या हातातून सुटून पाण्यात गेलं.

चंचल म्हणाली, ‘आते पुरे करा ना. दोन मोड्यात. त्या पोरना काय गुन्हा?’

‘मन्ही बहीणना काय गुन्हा व्हता?’

चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती. सुवर्णाचा टेम्पो डोळ्यासमोर आला, पण तिच्यासाठी त्या वेळी माझ्याकडे जागा नव्हती. अठरा राख्या! ज्याचं रक्त माझ्या अंगात, त्यानंच केसानं गळा कापला. दहाच दिवसांपूर्वी बांधलेली राखी त्याच्या मनगटावर होती, लाल गोंड्याची. माझ्या डोक्यात एकच आलं, धावत जावं आणि त्याला त्या कुंडात बुचकळून काढावं, राखीसकट.

पण मामा बघत होते. भांडणारी आई बघितली की कोणता मामा भाच्याला ती पोर देईल? साप मेला पाहिजे आणि काठीही मोडता कामा नये. मी उठले, पदर डोक्यावर घेतला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि हेमराजकडे तोंड करून दोन्ही हात जोडले. लांबून कोणालाही वाटावं, बहीण भावाचे उपकार मानते आहे. मामांनी माझ्याकडे बघून मान डोलावलीसुद्धा.

हेमराजनं वर बघितलं. मी ओठ हलवले, ‘बठ्ठं, सगळं वाचं मी. मामाजोडे एक शबद बोलना, ते तुना कुंदनले पोर कोन देस ते मी देखसू. एकेक घर फिरसू. तुनं घर वांझोटं ऱ्हाई, हेमराज.’

हे बोलताना मी हसत होते. इतकं गोड मी माझ्या लग्नातही हसले नसेन.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, संपला. पण तो उभा राहिला, एक पाऊल पाण्याकडे आला आणि लांबच्याशी बोलतात तसं तोंड मोठं करून एकेक शब्द माझ्याकडे फेकायला लागला. ‘फिर. तुले सवयच शे. सुषमानं लगीन कोन मोडं? उखा चौथी लाइनमा व्हता. त्यानी तुना ओठ वाचात. तेरा वरीस थांबनू मी, तुनी पोर लग्नाले येवानी वाट देखी. दर राखीले हात पुढे करं, ते इसरू नही म्हनीसन.’

उखा. मी साफ विसरले होते, आणि ते नाव बघताच सगळं आठवलं.

सुषमाला सरकारी नोकरीतला मुलगा सांगून आला होता. त्याच महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीला एका दारुड्याच्या गळ्यात बांधलं होतं. माझा जळफळाट झाला होता. सुषमा एकदा वैशाखात चतुर्थीच्या उपवासात खात्यात चक्कर येऊन पडली होती. पाणी मारल्यावर उठली, बस, एवढंच. आणि एका दुपारी तेव्हा खात्यातच असलेल्या, मशीनपलीकडे बसलेल्या सुवर्णाला, होय, त्याच सुवर्णाला, मी ओठांनी म्हटलं होतं, ‘सरकारी नवरा कसला, हिले फीट येस, लगीनना दुसरा दिनले परत येई.’ म्हटलं आणि हसले. मुलाचा चुलता उखा आमच्याच खात्यात चौथ्या लाइनीत होता, हे माझ्या ध्यानात नव्हतं. आठ दिवसांत ते लग्न मोडलं. मी सुषमाला पोटाशी धरून रडले, आणि ज्यानं मोडलं त्याचं वाटोळं होवो म्हणून कडाकडा बोटं मोडली.

म्हणजे मयुरीच्या फीटची गोष्ट हेमराजनं बनवलीच नव्हती. माझीच होती, त्यानं मला परत केली.

तरीही सांगते, त्या क्षणी मला लाज वाटली नाही. मला राग आला. चूक माझी, तर सूड माझ्यावर घ्यायचा होतास, माझ्या लेकरानं काय केलं होतं? मी तेच म्हणणार होते, ओठ उघडलेही. तेवढ्यात दिसलं, की चंचल माझ्याकडे बघतच नाही. ती माझ्या डाव्या हाताला बघत होती आणि तिनं तोंडावर पदर दाबला होता.

मी वळून बघितलं. सुषमा चुलीपाशी उभी होती. हातात चिमटा होता. समोरच्या काठावर तिच्या भावाचं तोंड आणि इकडे माझं, दोन्ही तिला लख्ख दिसत होती. सहा वर्षं माझ्या शेजारी बसली होती ती. आम्ही दोघं सुडाच्या भरात तिला विसरलो होतो. तिच्यासाठीच तर चाललं होतं म्हणे सगळं.

तिला यातलं काही माहीत नव्हतं. हेमराजनं तिला कधी सांगितलं नव्हतं. तेरा वर्षं ती दर राखीला माझ्या हातचा शिरा खात आली होती.

तिनं चिमटा खाली ठेवला. हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ मामांकडे चालत गेली. मी उभीच. सुषमा मामांच्या कानाशी वाकली, आणि तिची पाठ माझ्याकडे होती. आयुष्यात मी शेकडो लोकांचं नको ते वाचलं, आणि माझ्या पोरीचं काय होणार हे ठरत होतं तेव्हा मला नुसती एक जुनी हिरवी साडी दिसत होती. मामांनी तंबाखू टाकून दिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर कड्यावर निळा ड्रेस दिसत होता, आणि मी मनात देवीला म्हणत होते, माझी जीभ झडू दे, पण हे मोडू नको.

सुषमा वळली. चेहऱ्यावर काही नव्हतं. तिनं ओठ हलवले, ‘आक्का, आठे ये. मामासले मी सांगं, पोरनी मायले काहीतरी सांगनं शे. मनं लगीन कोन मोडं ते सांग.’

मी मान हलवली, नाही.

‘तू नही सांगशी ते मी सांगसू. मंग मनी परमानं सांगसू. आनि खोटं बोलशी ते माले दिसी.’

मोठ्या आवाजात लपून बोलता येतं असं लोकांना वाटतं. मी मामांच्या कानात काहीही सांगू शकले असते, त्या धोधात दुसऱ्याला ऐकू आलं नसतं. पण तीन माणसं माझ्या ओठांवर डोळे लावून बसली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मी दगडांवरून गेले. पाय घसरत होते. मामांच्या डाव्या कानाशी वाकले आणि म्हटलं, ‘मामा, हिचं लग्न माझ्यामुळं मोडलं.’

मामांनी कानामागं हात धरला. ‘मोठ्यानं बोला बाई, ऐकू येत नाही.’

मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. मग मी ओरडले. घशाच्या शिरा ताणून ओरडले, ‘मी खोटं बोलले! हिला फीट नव्हती! मला हिचं चांगलं बघवलं नाही म्हणून मी बोलले, आणि हिचं मोडलं!’

आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी खरं कधी बोलले नव्हते.

आणि आता जिभेच्या टोकावर दुसरी गोष्ट आली. त्या समोरच्यानं माझ्या पोरीची दोन स्थळं मोडली, त्याला धरा, त्याला विचारा. एका वाक्याचं काम. हेमराजनं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं, कारण त्यानं मनगटावरची राखी दुसऱ्या हातानं झाकली. पण ते सांगायचं म्हणजे मामांना सांगायचं, की ही पोर दोनदा मोडलेली आहे आणि तिला फीट येते अशी बोलवा आहे. मी सांगितलं असतं, तर तिसरं स्थळ मीच मोडलं असतं. मी ओठ मिटले. ज्या नावासाठी मी देवीला कौल लावला होता, ते नाव मी गिळलं. ते अजून माझ्या घशात आहे.

मामा उठून आम्हाला कड्यापासून लांब, झाडांमागं घेऊन गेले. तिथं जरा ऐकू येत होतं. त्यांनी सुषमाला विचारलं, ‘बाई, तुम्ही या पोरीला ओळखता?’

‘लहानपणापासून,’ सुषमा म्हणाली.

‘पोर कशी आहे?’

सुषमानं माझ्याकडे बघितलं. तिच्या हातात होतं सगळं. एक ‘हं’ जरी तिनं रेंगाळत म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिनं मुद्दाम माझ्याकडे तोंड ठेवून सांगितलं, ‘सोनं शे. मी वाढाई शे तिले. मायवर गयी नही.’

‘मग ठीक,’ मामा म्हणाले. ‘पोरीत खोट नसली म्हणजे झालं. सुपारी आजच फोडू.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘राग मानू नका बाई, पण पुढची बोलणी पोरीच्या वडिलांशी होतील.’

बट्ट्या खालून करपल्या होत्या, तरी सगळ्यांनी खाल्ल्या. हेमराजनं मामांना एक शब्द सांगितला नाही. तो जेवलाही नाही. सुपारी फुटली, मयुरीच्या कपाळाला कुंकू लागलं. परतीच्या वाटेवर सुषमा तिचा हात धरून चालत होती. मी गोवऱ्यांचं रिकामं पोतं घेऊन मागं.

दोन दिवसांनी मयुरीनं मला समोर बसवलं. ‘आत्याचं खरंच तू मोडलंस?’ तिला कोणी सांगितलं, मामांनी की आशिषच्या आईनं, मी विचारलं नाही. मी म्हटलं, ‘अगं, एक शब्द तोंडातून निघून गेला.’ ती म्हणाली, ‘त्या चार दिवसांत मी मरायचा विचार करत होते, आई. आत्यानं तेरा वर्षं काढली.’ आणि उठून गेली. सुवर्णाचं तिला अजून माहीत नाही.

माघात लग्न झालं. हेमराज भाऊ म्हणून उभा राहिला, कारण न राहावं तर गल्लीला कारण सांगावं लागलं असतं. त्यानं मला साडी नेसवली आणि मी त्याला ओवाळलं. ताट त्याच्या तोंडापुढं फिरवताना मी ओठांनी म्हटलं, ‘कुंदनसाठी स्थळं देखी ऱ्हायनात म्हने?’ तो ताटात पैसे टाकायचे विसरला. मी काही करणार नाही, करायचं असतं तर आजवर केलं असतं. पण त्याला ते कशाला सांगू? तो दर स्थळाला दचकतो, आणि तेवढंच माझं सुख.

सुषमा लग्नानंतर माझ्या घरी आली नाही. मयुरीकडे मात्र कामरेजला जाते, चार-चार दिवस राहते.

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पहिल्या आखाजीला लेक आणायला मी स्वतः कामरेजला गेले. विहीणबाईंनी पाट दिला, चहा दिला, सगळं रीतीनं केलं. पण त्या घरात एक नियम झाला आहे, तो मला दुसऱ्याच घोटाला कळला. मला ओठ वाचता येतात आणि वाचलेलं माझ्या पोटात राहत नाही, हे मामांनी सुषमाकडून ऐकून त्यांना सांगून ठेवलेलं. म्हणून काही बोलायचं झालं की विहीणबाई खिडकीकडे तोंड करतात. जावई मोबाईल तोंडापुढं धरून बोलतो.

मी मयुरीला म्हटलं, ‘चल ना, पिशवी भर. झोका बांधून ठेवलाय.’

ती ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. माझ्याकडे वळली नाही. मानेच्या हालचालीवरून कळलं, की ती काहीतरी बोलते आहे, बराच वेळ बोलते आहे. विहीणबाईंनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. माझ्या डाव्या कानाला नुसतं लाटणं ऐकू येत होतं. मी दोनदा म्हटलं, ‘मयुरी, इकडं तोंड करून बोल ना गं, आईला ऐकू येत नाही.’

तिनं पोळी तव्यावर टाकली आणि दुसरी लाटायला घेतली.